रुचिकानं गाळलेल्या बाया

रुचिका चव्हाण डॉक्टर होणार, ही बातमी वाशिमच्या त्या गल्लीत पहिल्या वर्षी पेढ्यासारखी वाटली गेली, दुसऱ्या वर्षी चिवड्यासारखी चघळली गेली, आणि पाचव्या वर्षी कुणी तोंडातही घेईना. चिकाटी धरून होत्या त्या एकट्या घरमालकीण गोजराबाई. पीएच.डी. म्हणजे पुस्तकातली डॉक्टरकी, सुई-गोळीची नव्हे, हे त्यांना तीनदा समजावून झालं होतं. तरी सोमवार आला की लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन त्या रुचिकाच्या उंबऱ्यावर बसायच्या.

"पाच वर्सं झाले वं पोरी. एवढ्यात तं म्हैस तीन खेपा व्याली असती. तुही डॉक्टरकी कवा होनार?"

"होईल मावशी. या हंगामात प्रबंध जमा करते."

"अन् माहा गुडघा?"

"तो दवाखान्यात दाखवा ना. सॉरी, मावशी."

"मंग तुले खोली देऊन माहा फायदा काय?"

आता गुडघा गोजराबाईंचा, झिजला तो त्यांच्या वयानं, त्यात सॉरी म्हणण्यासारखं रुचिकाचं काय होतं? पण ती म्हणायची. गल्लीत कुणाचा नळ सुटा राहिला, कुणाची मांजर आडवी गेली, तरी हिचं सॉरी तयार. ही खोड तिला आश्रमशाळेनं लावली. बाप लालसिंग आणि आई ललिताबाई इंझोरीकडच्या तांड्यातले. दर हंगामाला ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्यात जायचे आणि पोरगी वसतिगृहात राहायची. तिथं चमचा हरवला की तांड्याच्या पोरींच्या पेट्या आधी उघडायच्या. पुढं पुढं तर रुचिका कुणी सांगायच्या आत आपली पेटी आपणच उघडून द्यायची. चमचा कधीच सापडला नाही तिच्याकडं, पण काही बिघडलं की आपणच चुकलो असणार, हे मात्र तिच्या अंगात मुरून गेलं.

तेहतीस वर्षांची झाली, लग्न नाही, कॉलेजात तासिकेवर शिकवते. गल्लीला एवढं पुरेसं होतं. उरलेलं गल्लीनं आपल्या मनानं भरून घेतलं होतं. तिची स्कूटी उतारावर चालायची आणि चढावर तिला ढकलत चालवावी लागायची. त्या स्कूटीवर ती पावसाळाभर किन्हीराजा गावाच्या बाजूच्या तांड्यांवर हिंडली. विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या अंगात रक्त किती. उपकेंद्रातली सिस्टर बोट टोचायची, हातातलं छोटं मशीन आकडा सांगायचं, रुचिका तो वहीत लिहायची. कुणाचा आकडा किती, हे बायांना यादी झाल्यावरच सांगायचं ठरलं होतं. बाराच्या वर आकडा म्हणजे रक्त चांगलं. सातच्या खाली म्हणजे धोका. अशा बाईनं कोयता धरायचा नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन रक्ताची बाटली लावून घ्यायची.

पहिल्या दिवशी एकही बोट पुढं आलं नाही. धनीबाई नावाची म्हातारी तांड्याच्या वतीनं बोलली.

"मांगं तीन जन आले होते. एकानं रगत नेलं, एकानं फोटू नेले, एकानं गाने भरून नेले. परत कोन्या भडव्यानं तोंड नाई दाखवलं. तू काय नेनार हायेस?"

"मी परत येईन, आजी. ऊसतोडीचे ट्रक निघायच्या आधी येईन. जिचं रक्त कमी भरलं तिला सांगीन, ट्रकमध्ये चढू देणार नाही."

"तू कोन चढू न देनारी?"

"ललिताबाई चव्हाणची पोरगी. माझी आई वीस हंगाम चढली."

धनीबाईनं आपलं बोट पुढं केलं. त्या एका शब्दावर पुढं चारशे अठरा बायांनी बोटं दिली. प्रबंध, नोकरी, नावापुढचं डॉक्टर, हे सगळं खरंच. पण रुचिकानं मनाला गाठ मारली ती या शब्दाची. ट्रक निघायच्या आधी परत यायचं, आणि सातच्या खालची एकही बाई चढू द्यायची नाही.

वहीत रकाने होते. नाव, आडनाव, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव, रक्ताचा आकडा. नवऱ्याच्या नावाचा रकाना मात्र निम्म्याच्या वर कोरा राहिला, कारण बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. विचारलं की पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "लिव्हा ना, आमच्या घरचे." आता आमच्या घरचे हे काही नाव झालं नाही, आणि एकेका तांड्यात एकाच नावाच्या चार चार बाया. मग रुचिकानं शक्कल काढली. 'ओळख' म्हणून एक रकाना वाढवला आणि तांडा जिला जसं ओळखतो तसं त्यात लिहिलं. हपशीजवळची चतुरा. बोरीखालची चतुरा. जुळ्यांची माय. रेडिओवाली. भांडखोर धनीबाई, हे धनीबाईनं स्वतःच सांगितलं.

जन्मतारखेची तर वेगळीच गंमत. शाळेत गेलेल्या बायांची तारीख एक जून, कारण गुरुजींनी दाखल करताना सगळ्यांची तीच टाकलेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांची एक जानेवारी, कारण आधारवाला तांड्यात मांडव टाकून बसला होता, त्यानं अंदाजे वय विचारलं आणि वर्ष मोजून पुढं एक जानेवारी ठोकली. कागदावर पाहिलं तर अख्ख्या मुलखातल्या आयांना वर्षातून दोनच दिवस बाळंत व्हायची परवानगी होती.

सप्टेंबरात विद्यापीठानं संशोधकांसाठी संगणक कौशल्यांचं सहा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. मार्गदर्शक साधना मॅडम म्हणाल्या, तू जाच, आकडेवारी हातानं करायचे दिवस गेले. रुचिका गेली. हॉलमध्ये थंडगार एसी, चाळीस संशोधक, प्रत्येकापुढं लॅपटॉप. हिच्या लॅपटॉपची बॅटरी बसलेली, त्यामुळं भिंतीच्या सॉकेटजवळची जागा पकडून ती कोपऱ्यात. शिकवायला पुण्याहून पवन सर आले होते. तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असतील. माणूस हुशार, शिकवणं चोख, फक्त चेष्टेची सवय होती, आणि वर्गाला हसवलं नाही तर त्यांचा चहा घशाखाली उतरत नसावा.

तिसऱ्या दिवशी विषय निघाला माहिती साफ करण्याचा. सर म्हणाले, कुणाची तरी खरी फाइल पडद्यावर घेऊ. प्रोजेक्टरची वायर सॉकेटजवळ बसलेल्या रुचिकाला सगळ्यात जवळ पडली. चारशे अठरा ओळी भिंतीवर चार फूट उंच उमटल्या.

"हा नवऱ्याचा रकाना अर्धा रिकामा आहे मॅडम. अर्धा रिकामा रकाना म्हणजे फुटकं भांडं. काढून टाका." मग सरांची नजर पुढं गेली. "आणि हे काय? हपशीजवळची? जुळ्यांची माय? रेडिओवाली?"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ही माहिती हाये का लग्नाची पत्रिका?"

वर्ग आणखी हसला. रुचिकाही हसली, कारण न हसून करणार काय.

"मॅडम, हे संगणकाला कळत नाही. मोजता येत नाही ती माहिती नव्हे. काढू?"

"हो सर. सॉरी."

रकाना गेला. मग सरांनी एकसारख्या नोंदी कशा शोधायच्या ते दाखवलं. संगणकाच्याच भाषेत दोन ओळी लिहायच्या: नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळत असतील तर ती एकच व्यक्ती समजायची, पहिली नोंद ठेवायची आणि बाकीच्या काढायच्या. रुचिकानं दोन ओळी लिहिल्या, बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला: एकाहत्तर.

"एकाहत्तर!" सरांनी टाळी वाजवली. "पाहा, एकाहत्तर बाया मॅडमनी दोनदा मोजल्या होत्या. प्रबंध असाच गेला असता. जुनी फाइल जपून ठेवा, आणि काढलेल्या नोंदी एकदा नजरेखालून घाला बरं का. चला, चहा."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत रुचिकाला काय ऐकू आलं असेल? वसतिगृहातल्या पोरीनं आपली पेटी उघडली होती आणि या खेपेस चमचा आत निघाला होता. तिला लगेच पटलं. गेल्या महिन्यात लाइट जात होती, फाइल दोनदा बंद पडली होती, भाऊ बादल शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होता. झाली असणार नोंद दोनदा. आपणच गाढव. काढलेल्या नोंदी नजरेखालून घालायला अर्धा तास लागला असता. पण स्वतःचा वेंधळेपणा अर्धा तास बघत बसण्याची कुणाला हौस असते? ती चहाला गेली. प्रशिक्षणाच्या शेवटी तिला प्रमाणपत्र मिळालं आणि सरांनी सगळ्यांदेखत म्हटलं, सर्वात स्वच्छ फाइल चव्हाण मॅडमची.

यादी करायला आता एक मिनिट लागलं. सातच्या खालच्या बाया एकोणीस. दसऱ्याच्या आधी तिनं ती यादी आरोग्य केंद्रात दिली आणि स्वतः स्कूटीवर तांड्या-तांड्यांनी फिरली. दिलेला शब्द पाळणारी ती पहिलीच; बायांनी तिला चहा पाजला, धनीबाईनं पाठीवरून हात फिरवला. एकोणिसांपैकी अठरा बाया थांबल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाई थांबली की नवराही अडकतो, त्यामुळं कुरकुर झाली, एकदोघांनी शिव्याही घातल्या. पण थांबल्या.

हपशीवर एक बाई पाणी भरत होती. तिनं हांडा खाली ठेवला.

"बाई, माहं काय निंगालं?"

"नाव?"

"चतुराबाई राठोड."

रुचिकानं मोबाईलवर पाहिलं. चतुराबाई राठोड, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. ओळ एकच होती. दहा पॉइंट आठ.

"बाराला थोडं कमी, पण चांगलं आहे काकी तुमचं. या तांड्यात तुमच्याइतकं कमीच जणींचं आहे."

"मले तं उठलं का चक्कर येते. हे पाय, हात कसे पांढरे पडले."

"घाबरू नका. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घ्या. मशीननं बघितलंय ना."

"मशीननं पाह्यलं, मंग झालं," बाई म्हणाली. हांडा उचलला, दोन पावलं गेली, थांबली, श्वास घेतला, मग पुढं गेली. रुचिकाला ते दिसलं. तिनं पुढचं नाव काढलं.

दिवाळीनंतर ट्रक गेले. गल्लीत रुचिकाचं तोंड पहिल्यांदा उजळलेलं दिसलं. गोजराबाईंनी तर बातमी पसरवली की पोरीचं कुठं तरी जमलं. जमलं होतं ते वेगळंच: प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण झालं होतं, फेब्रुवारीत जमा करायचं होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. चतुराबाई राठोड गेली. उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेता घेता खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यात पोचेस्तोवर संपली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नव्हतं.

रुचिका म्हणाली, "नाही हो, त्यांचं दहा पॉइंट आठ होतं."

"कोन्या चतुराबाईचं?" सिस्टरनं विचारलं. "तिथं दोन हायेत."

सकाळचे नऊ वाजले होते. अंगणात गोजराबाई मुगाच्या वड्या घालत होत्या आणि वडीगणिक कुणाच्या तरी सुनेचा उद्धार चालला होता. रुचिकानं लॅपटॉप उघडला. जुनी फाइल होती. पवन सरांनी जपून ठेवायला सांगितली होती, ती तिनं जपली होती. तिनं दोन ओळी उलट्या लिहिल्या: काढलेल्या दाखव.

एकाहत्तर बाया एकाखाली एक उभ्या राहिल्या. एक जून, एक जानेवारी, एक जानेवारी, एक जून. नावं तीच, आडनावं तीच, आणि रक्ताचे आकडे प्रत्येकीचे वेगळे. एकही दोनदा मोजलेली नव्हती. ज्या रकान्याला वर्ग हसला होता तो शेवटी होता, आणि त्यात प्रत्येक बाई आपापल्या जागी बसलेली होती. बोरीखालची चतुरा, दहा पॉइंट आठ. ती आधी भेटली म्हणून राहिली. हपशीजवळची चतुरा दोन दिवसांनी भेटली होती. पाच पॉइंट सहा.

बाहेरून गोजराबाईंनी हाक मारली, "वं डॉक्टरीनबाई, वड्या राखाले बस जरा, कावळे येऊन राह्यले."

ती बाहेर आली नाही. गोजराबाई डोकावल्या तर पोरगी लॅपटॉपपुढं दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. त्या तशाच परत गेल्या आणि वड्या स्वतःच राखत बसल्या.

एकाहत्तरांपैकी सातच्या खालच्या पाच होत्या. एक गेली. उरलेल्या चौघींमागं रुचिका दोन दिवस फोनवर होती. मुकादमाला फोन, मुकादमाच्या पोराला फोन, कारखान्याच्या गेटवर फोन. चौघी सापडल्या. दोघींना तिथल्या दवाखान्यात भरती करून घेतलं. तिसरी म्हणाली, हंगाम संपला की पाहू. चौथीच्या नवऱ्यानं फोन ठेवून दिला आणि मग उचललाच नाही.

मग ती साधना मॅडमकडं गेली. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं, तिला पाणी दिलं, सगळं ऐकलं.

"एकाहत्तर बाया परत घाल, तक्ते नव्यानं काढ. मर्यादांच्या प्रकरणात लिही की सुरुवातीच्या विश्लेषणात त्रुटी राहिली होती, ती दुरुस्त केली."

"आणि चतुराबाई?"

"रुचिका, तू डॉक्टर नाहीस. इलाज करणं तुझं काम नव्हतं."

"सांगणं होतं, मॅडम. मी त्यांना सांगितलं, चांगलं आहे म्हणून."

"त्या घरी जाऊ नकोस. बाई गेली, तू सांगून ती परत येणार आहे का? त्यांनी तक्रार केली तर विद्यापीठ तुझी नोंदणी थांबवेल. पाच वर्षं जातील. तुझ्यामागं आणखी दहा पोरी येणार आहेत तांड्यातून, त्यांचाही विचार कर."

मॅडमचं बोलणं खोटं नव्हतं, हेच अवघड होतं. रुचिका सॉरी म्हणाली आणि उठली.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ती तांड्यावर गेली. चतुराबाईचा नवरा गुलाबसिंग अंगणात खाटेवर बसला होता. हंगाम अर्धा टाकून आलेला माणूस. हाताला काम नाही म्हणून हातांकडं बघत बसलेला. त्यानं तिला ओळखलं.

"या मॅडम. बसा. तुमी तं लय केलं आमच्या बायायसाठी. अठरा जनी वाचवल्या म्हंतेत. आमचीच काहून गेली देवाले ठाऊक."

रुचिकाला उभ्या उभ्या सांगायचं होतं. पण तोच बोलू लागला, जणू ऐकायला कुणी तरी येण्याची वाट बघत होता.

"आमची म्हने मले गरगरते. मोळी उचलत नाई म्हने. आठ दिवस म्हने. मी म्हनलो, नाटकं नको करू. त्या मॅडमच्या कंप्युटरनं सांगतलं ना, तुह्यासारखं रगत तांड्यात कोनाचं नाई, मंग तुलेच कायले गरगरते? समदे हसाचे तिले. टोळीतले म्हनत, कंप्युटर पास चतुरा, उठ. त्या दिवशी भी म्हनलो मी, उठ. अन् ते उठली."

त्याचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा.

"काका," रुचिका म्हणाली, "तो आकडा त्यांचा नव्हता."

"कोन्ता?"

"कंप्युटरनं सांगितलेला. तो बोरीखालच्या चतुराबाईचा होता. तुमच्या घरच्यांचा मी गाळला. मला वाटलं नाव दोनदा आलं. मी बघायला पाहिजे होतं, मी नाही बघितलं. त्यांचं रक्त पाच पॉइंट सहा होतं. त्यांना ट्रकमध्ये चढूच द्यायचं नव्हतं."

ती शिवीची, थपडेची, दगडाची, कशाचीही वाट बघत उभी राहिली. गुलाबसिंग हातांकडं बघत होता.

"म्हंजे," तो म्हणाला, "ते खरं बोलून राह्यली होती?"

"हो."

"आठ दिवस?"

"हो, काका. मी..." सॉरी हा शब्द तिच्या ओठापर्यंत आला आणि पहिल्यांदाच बाहेर पडला नाही. एवढ्या मोठ्या जागेत तो कुठं ठेवणार?

गुलाबसिंग उठला. दाराशी गेला आणि आत बघून ओरडला. सून बाहेर आली, चुलतभाऊ आला, टोळीतून परतलेले दोघं आले, काठी टेकत धनीबाई आली.

"सांगा," तो म्हणाला. "यायले सांगा. हे हसत होते तिले."

रुचिकानं सांगितलं. नाव, रकाना, पाच पॉइंट सहा, मी गाळलं. धनीबाईनं मान वळवून जमिनीकडं पाहिलं. टोळीतला एक जण निमूट निघून गेला. तेवढ्यात आणखी दोघी बाया आल्या.

"पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. ऊन कलेपर्यंत जो कुणी अंगणात आला त्याला गुलाबसिंगनं बसवलं आणि तिला सांगायला लावलं. ना तो रागावला, ना तिला जा म्हणाला. चतुरा नाटकं करत नव्हती, एवढंच त्याला तांड्यातल्या प्रत्येक कानात घालायचं होतं, आणि ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मध्येच एकदा सून तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून गेली, तिच्याकडं न बघता.

मग त्यानं मोबाईल काढला, नंबर लावला, आवाज मोठा करून रुचिकापुढं धरला.

"तिची बहीन हाये. फडावर आमच्या संगंच होती. तेही हसली होती."

पलीकडून उसाच्या पाचोळ्याचा आणि ट्रॅक्टरचा आवाज आला. एक बाई म्हणाली, "हॅलो, कोन?"

"सुरवातीपासून सांगा," गुलाबसिंग म्हणाला.

रुचिकानं फोन हातात घेतला आणि सुरुवातीपासून सांगायला लागली.